घरात शिरलेली खार न मारता बाहेर कशी काढायची?

प्रश्न औसा तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. खाली स्लॅबचं घर, वर पत्र्याची खोली, खोलीला पीओपीचं छत. पत्रा आणि पीओपी यांच्यामधल्या पोकळीत उन्हाळ्यापासून खारी राहतात. सकाळी पळापळ, कुरतडल्याचा आवाज, इंटरनेटची वायर दोनदा तुटली आणि आता दिव्याची वायरही सोललेली दिसतेय. सासूबाई म्हणतात, रामाची खार आहे, मारायची नाही. यजमानांनी पिंजरा आणलाय; पकडून तळ्याकडं सोडून येतो म्हणतात. जुलै चालू आहे. काय करावं?

ताई, आधी वायरीचं बघू, खारीचं नंतर. वरच्या खोलीचं एमसीबी (मीटरजवळच्या पेटीतला त्या खोलीचा खटका) आजच खाली पाडा. सोललेली वायर पत्र्याला किंवा खालच्या लोखंडी अँगलला टेकली तर अख्ख्या पत्र्यात करंट उतरतो, आणि पत्र्याला बांधलेल्या कपड्याच्या तारेतही. पावसाळ्यात ओल्या हातानं त्या तारेला धरणारं माणूस घरातलंच असतं. वायरमनला बोलावून खराब तुकडा तोडून घ्या, खोलीपुरता एखादा दिवा भिंतीवरून ओढून घ्या. छतातली कायमची वायर मात्र आत्ता टाकू नका. खारी आत असेपर्यंत नवीन वायरही जुन्याच्या वाटेनं जाईल. उंदरासारखेच खारीचे समोरचे दात जन्मभर वाढत असतात. ते झिजवायला तिला काहीतरी कुरतडावंच लागतं, मग लाकूड असो, चिंचोका असो की तुमची केबल.

पिंजराही लावू नका. आणि भोकं बुजवायला गवंडी सांगून ठेवला असेल तर त्याला सध्या थांबायला सांगा. कारण सांगतो.

मी मूळचा सर्पमित्र. छतात साप आहे म्हणून फोन येतो, जाऊन बघावं तर खडखड करणारी खार असते, नाहीतर उंदीर, नाहीतर उदमांजर. असं करत करत लातूर, धाराशिव, बीड या पट्ट्यात घरं प्राण्यांसाठी बंद करून द्यायचं कामही अंगावर आलं. या कामात सगळ्यात वाईट प्रकार एकच. आई बाहेर गेलेली असताना कुणीतरी घाईनं भोक बुजवतं आणि पिल्लं आत राहतात. मग आई दिवसभर त्या सिमेंटला नखं मारत बसते, जमलं तर शेजारून नवीन भोक पाडते, आणि नाहीच जमलं तर आठ दिवसांनी पीओपीतून असा वास येतो की छत फोडल्याशिवाय इलाज नसतो. खार वाचवायची म्हणून हे सगळं करायचं आणि पिल्लं गाडून बसायचं, याला अर्थ नाही.

आपल्याकडच्या खारी उन्हाळ्याच्या तोंडापासून पावसाळा संपेपर्यंत विणीवर असतात. म्हणजे जुलैत तुमच्या छतात पिल्लं आहेत असं धरूनच चालायचं. नाहीत हे सिद्ध झालं तर बरंच. एका वेळी साधारण दोन ते चार पिल्लं होतात. जन्मतात तेव्हा आंधळी, अंगावर केस नाहीत. डोळे उघडायला दोन-तीन आठवडे जातात आणि आईमागं बाहेर पडायला महिना-दीड महिना. पिल्लांचं सगळं एकटी आईच बघते, नराचा त्यात काही वाटा नसतो. त्यामुळे आई पकडून तळ्यावर नेली की मागं पिल्लांना कुणीच उरत नाही.

पण आधी खारच आहे ना, हे पक्कं करा. तुम्ही आवाज सकाळचा म्हणताय, म्हणजे बहुतेक खारच. खार दिवसाची. उजाडल्यावर बाहेर पडते, भर दुपारी जरा थंड पडते, पुन्हा चार-पाचला धावपळ करते आणि अंधार पडला की चिडीचूप. रात्री अकरानंतर बारीक खुडबुड ऐकू आली तर उंदीर. मध्यरात्री कुणीतरी पाय टाकत चालल्यासारखं धप् धप् वाजलं तर उदमांजर. जुन्या वाड्यांच्या माळवदावर, म्हणजे लाकडी तुळयांवरच्या मातीच्या छतावर, ते हमखास असतं. संध्याकाळी अंधारताना फडफड झाली आणि भिंतीवर खाली काळ्या बारीक लेंड्या सापडल्या तर वटवाघळं. ती एकदम वेगळी गोष्ट आहे, त्यात हे उपाय लावू नका. उंदराच्या वाटेवर, भिंतीच्या कडेला तेलकट काळपट पट्टा पडतो. खारीच्या वाटेवर तसा सहसा दिसत नाही. खारीच्या दारात उलट धागे, कापूस, सुतळीचे तुकडे लोंबताना दिसतात. वरची जुनी गोधडी एका कोपऱ्यातून विरत चालली असेल तर कापूस कुठं गेला ते समजून घ्या.

इथं एक गोष्ट सांगतो, कारण मोबाईलवर व्हिडिओ बघून लोक सामान आणतात आणि ते वाया जातं. ते व्हिडिओ बहुतेक अमेरिका-इंग्लंडच्या करड्या खारीचे असतात. ती अर्धा किलोच्या आसपासची. आपली पट्ट्यांची खार शंभर-सव्वाशे ग्रॅमची. तीन पट्ट्यांची आणि पाच पट्ट्यांची अशा तिच्या दोन जाती. पाच पट्टेवालीला कडेनं दोन फिकट पट्टे जास्त असतात. घराच्या कामाला दोन्ही सारख्याच. त्या विलायती खारीसाठी सांगितलेली एक इंची जाळी आपल्या खारीला, निदान तिच्या पिल्लाला, दारच आहे. तिकडचे पिंजरे, तिकडची दारं, तिकडचे वासाचे फवारे, सगळं तिकडचं. (शेकरू हा आपला राज्यप्राणी, तो सह्याद्रीच्या दाट झाडीतला. औशाच्या पत्र्यात तो येणार नाही, त्यामुळे सासूबाईंना मोठी खार दिसली म्हणत असतील तर ती पोटुशी असावी.)

आता घराबाहेर उभं राहून वाटा शोधा. उन्हं वर आल्यावर तासभर खुर्ची टाकून अंगणात बसा, खार स्वतःच दाखवते. तिची वाट ठरलेली असते: कडुलिंबाची फांदी, पत्र्याची कड, तिथून आत. माणसाची दोन बोटं आरामात जातील तेवढी फट तिला पुरते. पत्र्याच्या खोलीत मुख्य जागा म्हणजे भिंतीचा माथा आणि पत्र्याची नागमोडी कड यांच्यामधल्या पोकळ्या. त्याशिवाय टोकाच्या कॅपखालची जागा, एसीची नळी किंवा डिशची वायर आत घेताना पाडलेलं आणि नंतर कुणीच न बुजवलेलं भोक, एक्झॉस्ट पंख्याची चौकट, शटर असेल तर वरची पेटी. सगळ्या वाटा खडूनं खुणा करून ठेवा. कोणती चालू आहे हे कळायला प्रत्येकीत जुन्या वर्तमानपत्राचा बोळा सैलसर कोंबा. घट्ट नको, आतल्या जनावराला ढकलता आला पाहिजे. उघडीप असताना दोन-तीन दिवस बोळा तसाच राहिला तर ती वाट बंद पडलेली समजा. झड लागलेली असताना ही परीक्षा घेऊ नका. पाऊस धरला की खारी बाहेर पडायला कंटाळतात आणि तुम्हाला वाटेल, गेल्या.

पिल्लं आहेत का ते आईकडं बघून कळतं. दूध पाजणारीची आचळं पोटावर ठळक दिसतात, आणि ती दिवसातून कितीतरी वेळा त्याच वाटेनं आत जाते. दुपारी वरच्या खोलीत सगळं बंद करून शांत बसलं तर चीं चीं असा बारीक आवाजही येतो. पीओपीत दिव्यासाठी कापलेलं गोल भोक असेल तर तो दिवा काढून (एमसीबी खालीच आहे ना?) मोबाईलचा कॅमेरा वर सरकवा आणि चारी बाजूंचा व्हिडिओ घ्या. हात घालू नका.

पिल्लं असली तर माझा सल्ला थांबायचा आहे. वीज बंद आहे, म्हणजे मोठा धोका टळला. महिनाभर खडखड सहन करा. लोकांना हे आवडत नाही, फोनवर सांगितलं की तिकडून गप्प होतात, पण यापेक्षा सोपा आणि बिनखर्चाचा मार्ग नाही. पिल्लं आईमागं फांदीवर पळताना दिसू लागली की पुढचं काम एका आठवड्याचं.

थांबणं शक्यच नसेल, समजा घरात लग्न आहे किंवा छत उतरवायचंच आहे, तर आईला स्वतःहून घर बदलायला लावता येतं. खारीची बहुधा आणखी एखादी जागा ठरलेली असते आणि पिल्लू तोंडात धरून ती हलवते. तिला फक्त ही जागा नकोशी वाटली पाहिजे. पोकळीत दिवसभर एलईडीचा उजेड ठेवा. त्यासाठी बॅटरीचा दिवा वापरा, तिथली वायर नको. जवळ रेडिओवर माणसांच्या बोलण्याचा कार्यक्रम मध्यम आवाजात लावून ठेवा. गाण्यापेक्षा बोलण्यानं ती जास्त बिचकते असा माझा अनुभव आहे. वाट मात्र उघडीच ठेवायची. तीन-चार दिवसांत ती पिल्लं नेते. न्यायला लागली की फोटोसाठी शिडी लावून जवळ जाऊ नका. घाबरली तर पिल्लू तोंडातून खाली पडतं.

पिल्लं नाहीत किंवा गेली याची खात्री झाली की एकतर्फी दार. हे बाजारात शोधू नका, घरीच होतं. अडीच-तीन इंची पीव्हीसी पाईपचा फूटभर तुकडा घ्या. आधी बाकीच्या सगळ्या वाटा जाळीनं बंद करा. जी एक चालू वाट ठेवली तिथं हा पाईप बसवा, बाहेरचं तोंड किंचित खाली झुकलेलं आणि भिंतीपासून पुढं, हवेत. बाहेरच्या तोंडावर जुन्या एक्स-रे फिल्मची झडप, पाईपापेक्षा थोडी मोठी, वरून दोन ठिकाणी बारीक तारेनं टांगलेली. आतून ढकलली की उघडेल, मागं सुटली की झुलून तोंडावर बसेल. पाईपच्या तोंडाजवळ उभं राहायला फांदी, वायर, खिडकीची पट्टी काही नको, नाहीतर बाहेर बसून ती नखानं झडप उचलते. हुशार जात आहे. पहिले दोन दिवस झडप वर बांधून ठेवा, तिला पाईपची सवय होऊ द्या. मग सोडा. चार-पाच कोरडे दिवस जाऊ द्या, सकाळी आतून आवाज येतो का ऐका, कागदाच्या बोळ्याची परीक्षा पुन्हा घ्या, मगच पाईप काढून भोक कायमचं बंद करा.

यात एक खूण लक्षात ठेवायची. झडप सोडल्यावर खार बाहेर आली आणि मग वेड्यासारखी त्याच जागी पत्रा ओरबाडत राहिली, ओरडत राहिली, तर आत पिल्लू आहे. झडप त्याच क्षणी काढा. दुसरीकडं जागा असलेली मोकळी खार थोडा वेळ फिरून बघते आणि निघून जाते. जीव टाकत नाही.

बंद करायला काय वापरायचं? अर्धा इंची जीआय वेल्डमेश, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी तारेची जाळी, जाड तारेची. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. मच्छरदाणीची नायलॉन जाळी, थर्माकोल, स्प्रेचा फोम, चिंध्या, यातलं काहीही एकट्यानं टिकत नाही. फोम तर ती कुरतडून घरट्याला नेते. पत्र्याच्या नागमोडी कडेला जाळीची पट्टी पत्र्याच्या लाटेप्रमाणे दाबून बसवा, पत्र्याच्या बाजूनं वॉशर लावून स्क्रू, भिंतीच्या बाजूनं सिमेंट. सगळ्या फटी सिमेंटनं लिंपू नका असं मी मुद्दाम सांगतो. मे महिन्यात आपला पत्रा किती तापतो ते तुम्हाला माहीत आहे. पत्रा आणि पीओपीमधली हवा खेळली नाही तर खालच्या खोलीत बसवणार नाही. जाळीनं हवा जाते, खार जात नाही. वायरींच्या बारीक भोकांत आधी भांडी घासायची स्टीलची तारघासणी कोंबून मग वर सिमेंट. आणि आता वायरमनला नवीन वायर टाकायला सांगा, पण साध्या पीव्हीसी पाईपातून नको. पीव्हीसी ती कातरते. जीआय पाईप किंवा लोखंडी फ्लेक्सिबल पाईप घ्या, आणि त्याला अर्थिंग करून घ्या.

माळवदाच्या घराचं तंत्र वेगळं. तुमच्याकडं नाही, पण हे वाचणाऱ्या अनेकांकडं असेल म्हणून थोडं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आपल्या भागात दगड-मातीची जड घरं मागं पडली, पत्रा आणि स्लॅब आला. तरी जुने वाडे आहेतच. तिथं खार शिरते ती तुळयांच्या टोकाशी, भिंतीत लाकूड बसवलं तिथल्या पोकळीतून, नाहीतर उजेडासाठी ठेवलेल्या साण्यातून. साण्यावर जाळीची चौकट बसवली की अर्धं काम होतं. तुळईच्या टोकाला मात्र सिमेंट थापू नका. मातीच्या भिंतीला सिमेंट धरत नाही, एका पावसाळ्यात पापुद्रा सुटून फट आधीपेक्षा रुंद होते. आधी जाळी ठोका, वर भुसा घातलेली माती किंवा चुना. उन्हाळ्याच्या शेवटी माळवदावर पांढरी माती टाकताना आतून-बाहेरून सगळीकडं हात फिरवला जातोच, पण तो विणीचा काळ असतो, तेव्हा बुजवण्याआधी प्रत्येक पोकळीत बघा.

एकूणात बंद करण्याच्या कामाला आपल्याकडं सगळ्यात चांगला काळ दसरा-दिवाळीच्या साफसफाईपासून पुढचे दोन महिने. पाऊस थांबलेला, वीण मंदावलेली, घरातलं सामान हललेलं, आणि गवंडीही जरा मोकळा. तेव्हाही बघूनच बुजवायचं.

आता यजमानांच्या पिंजऱ्याबद्दल. त्यांचा हेतू चांगला आहे, पण तळ्याकाठी सोडलेली खार सुखी होते हा आपला समज आहे. तिला तिथली झाडं, बिळं, पाणी, मांजरं काहीच माहीत नसतं, आणि तिथल्या खारींच्या जागा आधीच ठरलेल्या असतात. पिंजऱ्यात घाबरून आणि तापून जीव जातो तो वेगळाच. पत्र्याखाली ठेवलेला लोखंडी पिंजरा उन्हाळ्यात दुपारी भट्टीच असतो. आणि समजा एक गेली. भोक उघडं, लिंब तिथंच, खायला तेच. रिकाम्या जागेत दुसरी येते. शिवाय कायद्याची बाजू आहे. खार हा वन्यप्राणी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची चारमध्ये पाच पट्ट्यांच्या खारीचं नाव होतं. २०२२ च्या दुरुस्तीनं अनुसूच्यांची मांडणी बदलली, पण म्हणून वन्यप्राणी आपल्या मनानं धरून कुठंही सोडायला मोकळीक झाली असं समजू नका. धरायची वेळ आलीच तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर बोला. तळ्याच्या खेपेपेक्षा अर्धा इंची जाळी स्वस्त पडते, हे यजमानांना सांगून बघा.

काही गोष्टी करूच नका. डांबरगोळ्यांनी खार जात नाही, माणसांचं डोकं दुखतं. मिरचीची धुरी, उदाचा धूर, रॉकेलचे बोळे, हे पत्र्याखाली लाकूड आणि कापूस असताना म्हणजे आग लावून घ्यायची कामं; पिल्लं तर धुरात पळूही शकत नाहीत. ‘अल्ट्रासोनिक’ म्हणून विकतात ती प्लगमधली यंत्रं चार दिवस नवीन वाटतात, मग खार त्याच्याच वर बसलेली दिसते. चिकट पॅड लावू नका. त्यावर खार, पाल, चिमणी जे सापडेल ते जिवंत सोलून निघतं, आणि भारतीय पशु कल्याण मंडळानंही त्याविरुद्ध सूचना काढलेल्या आहेत. उंदराचं औषध ठेवलं तर मेलेली खार नेमकी हात पोचत नाही तिथं पडते. आणि बाहेर मेली तर मांजर किंवा पिंगळा ती खातो.

एका गोष्टीवर मात्र जरा थांबतो. धान्यात टाकायच्या गोळ्या, सल्फास वगैरे नावांनी आपल्याकडं घराघरात असतात. ज्वारीच्या कोठीसाठी आणलेल्या. त्या छतात टाकायचा सल्ला कुणीतरी देतंच. त्या गोळीला हवेतली ओल लागली की फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असतो, म्हणजे छतातून खाली, झोपलेल्या माणसांकडं उतरतो. त्यावर नेमका उतारा नाही. पावसाळ्यात, पीओपीच्या फटी असलेल्या खोलीत, वर गोळ्या आणि खाली लेकरं, हा विचारच डोक्यात येऊ देऊ नका.

बाहेरची सोय बदलली की खारींचं येणं आपोआप कमी होतं. पत्र्यावर टेकलेली लिंबाची फांदी सहा-सात फूट मागं घ्या. तीही पानांत घरटं नाही हे बघून. नगरपालिकेच्या हद्दीत असाल तर कुऱ्हाड लावण्याआधी पालिकेत विचारा, शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. अख्खा लिंब तोडायची गरज नाही आणि तोडून उपयोगही नाही. खार खडबडीत भिंतीवरून, पाईपवरून, केबलवरून सहज चढते. म्हणून फांदी छाटणं हे दुय्यम, जाळी मुख्य. गच्चीवर वाळत घातलेल्या शेंगा, तूर, कुरडया, सांडगे पातळ कापडाखाली नको, जाळीच्या झाकणाखाली ठेवा. पाखरांना ज्वारी टाकत असाल तर टाका, पण पत्र्याच्या कडेला टाकू नका. अंगणाच्या पलीकडच्या टोकाला, पाण्याच्या भांड्यासकट. तिथं लिंबावर एखादं आडवं मडकं किंवा लाकडी खोकं टांगून ठेवलं तर काही खारी ते घेतात, काही बघतही नाहीत.

घरटं काढताना तोंडाला मास्क, हातात जाड मोजे. कोरडं झाडू नका. आधी साबणाच्या पाण्यानं भिजवा, मग उचला. त्यात पिसवा असतात, मुतलेलं असतं. घरट्यात अचानक पिल्लं सापडली तर घरट्यासकट उचलून खोक्यात ठेवा, त्याच वाटेच्या जवळ, सावलीत, मांजराचा हात पोचणार नाही असं. मुंग्यांकडं लक्ष द्या. आपल्याकडं पिल्लं मांजरापेक्षा मुंग्यांनीच जास्त जातात. गार पडली असतील तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी. मग दूर व्हा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते हे खरं नाही, ती नेते. अंधार पडेपर्यंत आली नाही तर १९२६ वर किंवा जवळच्या प्राणीमित्रांना फोन करा. गाईचं दूध पाजू नका, त्यानं पोट बिघडतं. आणि ड्रॉपरनं घाईत पाजलं तर दूध फुप्फुसात जातं. लेकरांना कितीही वाटलं तरी पाळायला ठेवू नका. चावली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखान्यात दाखवा. धनुर्वाताचं, रेबीजचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील.

खोलीत खार शिरली तर सगळ्यात आधी छताचा पंखा बंद करा. माणसं काठी शोधतात आणि पंखा फिरतच राहतो. घाबरलेली खार पडद्यावरून थेट त्यात उडी घेते. मग आतली दारं लावा, दिवे घालवा, एकच खिडकी सताड उघडा आणि तुम्ही बाहेर जा. उजेडाकडं ती आपणच जाते. पाण्याचा हौद किंवा गच्चीवरची टाकी उघडी असेल तर झाकण नीट बसवा, आणि जनावरांच्या हौदात एखादी खडबडीत फळी तिरकी सोडून ठेवा. उन्हाळ्यात प्यायला वाकलेल्या खारी गुळगुळीत कडेवरून आत पडतात आणि वर येता येत नाही.

अंगणात खार एकाच जागी बसून, शेपटी झटकत, थांबता थांबत नाही असं चिक् चिक् ओरडत असेल तर तिच्या नजरेच्या दिशेनं बघा. मांजर असेल, मुंगूस असेल, पण साप असण्याचीही शक्यता असते. मी तर कॉलवर गेलो की आधी कान देतो.

शेवटचं कूलरचं. हिवाळाभर अडगळीत ठेवलेल्या कूलरच्या गवतात खारी घरटं करतात, एसीच्या बाहेरच्या युनिटमध्येही करतात. मार्चमध्ये कूलर खाली उतरवला की तिन्ही ताट्या काढून, आत टॉर्च मारून बघा, मगच पंख्याचं बटण दाबा.